कंपनी ऑफ हीरोज २ : सोव्हिएत स्काउट कार नीट कशी वापरायची

कंपनी ऑफ हीरोज २ हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकावरचा युद्धखेळ नव्याने खेळायला लागलेल्या बहुतेकांचा एक डाव ठरलेला असतो. सोव्हिएत सैन्य घ्यायचं, एम३ए१ स्काउट कार बाहेर काढायची आणि वर मशीनगन दिसतेय म्हणून गाडी सरळ जर्मन तुकडीच्या अंगावर घालायची. पहिली तुकडी मागे पळते, मजा येते. मग बाजूच्या कुंपणाआडून दुसरी तुकडी पॅन्झरफाउस्ट हे हातातलं रणगाडाविरोधी शस्त्र मारते, इंजिन बिघडतं आणि गाडी गोगलगायीच्या वेगाने मरणाची वाट बघत राहते. त्यानंतर चॅटमध्ये वाक्य येतं, "ही गाडी बेकार आहे."

गाडी बेकार नाही. तिचं पहिलं काम बघणं आहे, गोळ्या झाडणं त्यानंतर येतं. आणि बघितलेल्यावर पुढच्या काही सेकंदांत तुम्ही काही करणार नसाल, तर ती घेऊच नका. तेवढ्या मनुष्यबळात, म्हणजे सैन्य घ्यायच्या खेळातल्या चलनात, एक पायदळाची तुकडी येते, ती निदान झेंडे लावून सेक्टर तरी घेईल.

हा लेख त्या खेळाडूंसाठी आहे ज्यांना तुकड्या हलवता येतात, सेक्टर घेता येतात, पण टेहळणी म्हणजे नेमकं काय करायचं हे कळत नाही. खेळ २०१३ च्या जूनमधला, कॅनडातल्या रेलिक एंटरटेनमेंटने बनवलेला. त्यानंतर खेळात बदल करणारे इतके पॅच आले की कुठल्याही जुन्या व्हिडिओतल्या किमतींवर विसंबू नये. म्हणून मी इथे किमती देत नाही. गाडीच्या बटणावर माउस नेला की आजची किंमत दिसते.

आधी एवढं जवळ ठेवा

- मूळ खेळ पुरेसा आहे. सोव्हिएत आणि जर्मन ऑस्टहीर ही दोन्ही सैन्यं त्यात येतात. २०१४ मध्ये आलेली अमेरिकन आणि ओबरकोमांडो वेस्ट (पश्चिम आघाडीवरचं जर्मन सैन्य) ही सैन्यं सरावासाठी लागत नाहीत.
- हेडफोन. इंजिनाचा आवाज, मशीनगनचा आवाज कुठल्या बाजूने येतोय हे स्पीकरवर नीट कळत नाही.
- गाडीसाठी राखून ठेवलेला एक आकडा. गाडी निवडून कंट्रोल आणि ४ दाबा, मग नुसतं ४ दाबलं की ती हातात येते. आकडा कुठलाही चालेल, पण प्रत्येक डावात तोच ठेवा.
- जिवंत असलेली निदान एक कॉम्बॅट इंजिनिअर तुकडी. दुरुस्ती तीच करते.
- संगणकाविरुद्धचा एकास एक सामना. खोलोदनी फेर्मा हा नकाशा चांगला, कारण त्याच्या उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही आवृत्त्या आहेत आणि फरक लगेच जाणवतो.

१. गाडी घ्यायची का, हे आधी ठरवा

सोव्हिएतांना मुख्य तळातून कॉन्स्क्रिप्ट म्हणजे साधं पायदळ आणि इंजिनिअर मिळतात. त्यानंतर दोन इमारतींतून एक निवडायची वेळ येते. स्पेशल रायफल कमांडमधून पीनल बटालियन (शिक्षा झालेल्या सैनिकांचं पायदळ), स्नायपर आणि आपली स्काउट कार. सपोर्ट वेपन कंपनीया या दुसऱ्या इमारतीतून मॅक्सिम मशीनगन, ८२ मिलिमीटरची तोफ म्हणजे मॉर्टर, आणि झिस-३ ही रणगाडाविरोधी तोफ. पुढे दोन्ही बांधता येतात, पण सुरुवातीला दोन्हींना पुरेल एवढं इंधनही नसतं आणि वेळही नसतो.

म्हणजे स्काउट कार घेताना तुम्ही तिच्या किमतीखेरीज आणखी काहीतरी मोजत असता : झिस-३ उशिरा येणार. समोर चिलखती गाडी लवकर आली तर तुमच्याकडे तिला थोपवायला थोडंच काही असेल. हा सौदा मान्य असेल तर पुढे वाचा.

वेळेचं गणितही सोपं आहे. जर्मन खेळाडू दुसरी इमारत उभी करेपर्यंत गाडीला बऱ्यापैकी मोकळं रान असतं. त्या इमारतीतून २२२ ही चिलखती गाडी आणि पाक ४० ही रणगाडाविरोधी तोफ निघते, आणि दोन्ही तुमच्या गाडीचा निकाल लावतात. त्यामुळे स्काउट कार घ्यायची तर लवकर. पुढे पैसे उरले म्हणून उशिरा घेतलेली गाडी बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत जाते.

२. गाडी येण्याआधी मिनीमॅप वाचा

ही पायरी जवळपास सगळे नवखे गाळतात. प्रत्यक्ष शत्रू धुक्यात, म्हणजे तुमच्या नजरेबाहेरच्या झाकलेल्या भागात, असला तरी सेक्टर कोणाच्या ताब्यात आहे हे मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, रंगाने दिसतच असतं. आपला रंग जाऊन सेक्टर पांढरा झाला, म्हणजे आत्ता, या क्षणी, तिथे शत्रूची एक तुकडी उभी आहे. ही माहिती फुकट आहे.

समजा डावीकडचा इंधनाचा पॉइंट (इंधन देणाऱ्या सेक्टरचा झेंडा) आणि त्याच्या शेजारचा साधा पॉइंट एकामागोमाग गेले. एकच तुकडी फिरतेय असं दिसतं. दोन लांबचे पॉइंट एकाच वेळी गेले तर दोन तुकड्या विखुरलेल्या आहेत, म्हणजे मध्यभागी कमी असणार. गाडीने असल्या अंदाजांची खातरजमा करायची. नकाशाभर भटकून "कुठे काय आहे बघू" म्हणणाऱ्याला फारसं काही सापडत नाही. आधी प्रश्न, मग फेरी.

३. मार्ग आखा, सरळ रेषेत जाऊ नका

शिफ्ट दाबून ठेवा आणि उजव्या क्लिकने एकामागून एक ठिकाणं द्या. गाडी त्याच क्रमाने जाईल. तळापासून शत्रूच्या दिशेने सरळ क्लिक केलं तर ती सर्वांत जवळचा रस्ता धरते, आणि जवळच्या रस्त्यावरच मशीनगन मांडलेली असते.

मार्ग नकाशाच्या कडेने वळणाचा ठेवा. शेवटचं ठिकाण नेहमी आपल्या ताब्यातल्या सेक्टरमध्ये द्या. म्हणजे तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं तरी गाडी शत्रूच्या पुढ्यात उभी राहत नाही. आणि एक गोष्ट : अटॅक-मूव्ह, म्हणजे ए दाबून दिलेला हुकूम, टेहळणीच्या फेरीत देऊ नका. तो दिला की गाडी पहिला शत्रू दिसताच थांबून लढायला लागते आणि लढाई संपेपर्यंत पुढे सरकत नाही. साधी उजवी क्लिक द्या. चालता चालता मशीनगन आपोआप गोळ्या झाडतेच.

४. ट्रूसाइट समजून घ्या

पहिल्या कंपनी ऑफ हीरोजमध्ये तुकडीभोवती एक वर्तुळ असायचं आणि त्यातलं बहुतेक सगळं दिसायचं. दुसऱ्या भागात तसं नाही, इथल्या नजरेच्या पद्धतीला ट्रूसाइट म्हणतात. इथे घर, दाट झुडपं, भिंत, जळत्या रणगाड्याचा धूर, सगळं नजर अडवतं. शत्रू अगदी जवळ असेल, पण मध्ये घर असेल तर तुम्हाला तो दिसणार नाही. उलटही तितकंच खरं.

याचे दोन परिणाम. एक, गाडी झुडपांच्या रांगेला लागून नेलीत तर त्या बाजूचं तुम्हाला काहीच कळत नाही आणि फाउस्ट घेऊन बसलेली तुकडी नेमकी तिथेच असते. झाडीपासून अंतर ठेवून उघड्यावरून जा. पायदळाला उघडी जागा धोक्याची, या गाडीला झाडीचा आडोसा जास्त धोक्याचा.

दोन, आडोशाचा तुम्हीही फायदा घ्या. घराच्या कोपऱ्यामागे गाडी थांबवा, नुसतं नाक बाहेर येईल एवढी पुढे घ्या, बघा आणि लगेच मागे. शत्रूची मशीनगन घराच्या पलीकडून तुमच्याकडे वळेपर्यंत तुम्ही पुन्हा आडोशाला असता. हे हाताला बसायला थोडा सराव लागतो. पण सोव्हिएत स्काउट कारचं एकच कौशल्य शिकायचं असेल तर हेच शिका.

५. नेमकं काय बघायचं

इथे थोडं थांबतो, कारण इथेच सगळा खेळ आहे. गाडी शत्रूजवळ दोन-तीन सेकंद असते. तेवढ्यात सगळं बघता येत नाही, म्हणून क्रम ठरवून ठेवा.

पहिलं, मशीनगनचं तोंड कुठे आहे. एमजी ४२ ही जर्मन मशीनगन मांडल्यावर ती ठरावीक कोनातच मारते. दिशा बदलायची तर तिला उचलून पुन्हा मांडावं लागतं. तोंड पूर्वेला दिसलं की तुमचे कॉन्स्क्रिप्ट उत्तरेकडून पाठवा, लगेच. अर्ध्या मिनिटाने पाठवाल तर तोवर तिने जागा बदललेली असेल. मशीनगन घरात असेल तर मात्र ती खिडकी बदलते, तेव्हा बाजूने जाण्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी आग लागते, ते सातव्या पायरीत.

दुसरं, किती तुकड्या आहेत आणि कुठल्या. त्यांचं आयुष्य किती उरलंय ही पट्टीही बघा. समोरचा अर्ध्या सैनिकांच्या तुकडीने इंधनाचा पॉइंट राखतोय हे कळलं, तर तो पॉइंट आत्ताच घ्यायचा. उद्या, म्हणजे खेळातल्या दोन मिनिटांनी, त्यात भर पडलेली असेल.

तिसरं, जोडणारे सेक्टर. या खेळात सेक्टर तुमच्या तळाशी सलग जोडलेला असेल तरच त्यातून इंधन आणि दारूगोळा मिळतो. शत्रूच्या इंधनाच्या पॉइंटवर हल्ला करण्यापेक्षा त्याला तळाशी जोडणारा मधला साधा सेक्टर तोडणं बऱ्याचदा सोपं असतं, आणि तिथे राखण कमी असते. गाडीने तो मोकळा आहे का बघायचं. पण लक्षात ठेवा, स्काउट कार स्वतः झेंडा लावत नाही. तिच्यामागे कॉन्स्क्रिप्ट यायला हवेत, किंवा आत बसलेली तुकडी खाली उतरवायला हवी.

चौथं, आणि शक्य असेल तरच, शत्रूच्या तळात कुठली इमारत उभी राहतेय. मोहात पडून तळात खोल घुसू नका. तळाला स्वतःचं संरक्षण असतं आणि तिथून परतणं महागात पडतं. कडेवरून एक नजर पुरे. दुसरी इमारत दिसली, की समजा २२२ किंवा पाक ४० येतेय, आणि तुम्हाला झिस-३ ची सोय लावायची आहे.

६. मागे घेणं : इथे निम्म्या गाड्या जातात

पायदळाला टी दाबलं की ते धावत तळावर परततं. गाड्यांना ही सोय नाही. गाडी तुम्हालाच काढून आणावी लागते.

लांबवर मागे साधी क्लिक केली की गाडी वळण घेते, वळताना आडवी होते, आणि त्या आडव्या क्षणी सगळे तिच्यावर मारतात. त्यासाठी रिव्हर्सचा वेगळा हुकूम आहे, खाली बटणांमध्ये दिसेल. त्याची कळ पहिल्याच दिवशी पाठ करा. रिव्हर्समध्ये गाडीचं तोंड शत्रूकडेच राहतं आणि वळण्यात वेळ जात नाही. आडोशाला पोहोचलात की मग वळा.

कधी मागे यायचं याची साधी चिन्हं :

- ग्रेनेडियर, म्हणजे जर्मन पायदळाची तुकडी, धावणं थांबवून तुमच्याकडे सरकू लागली, की फाउस्टची तयारी आहे असं समजा. फाउस्टचा पल्ला रायफलपेक्षा कमी आहे, म्हणून अंतर राखलं तर तो लागत नाही. एकदा सुटला की मात्र वळून चुकवण्याची आशा सोडा.
- अनुभव मिळवलेल्या एमजी ४२ तुकडीला चिलखतभेदी गोळ्या वापरता येतात. तुमच्या गाडीचं आयुष्य अचानक भराभर उतरू लागलं, तर कारण तेच.
- साध्या रायफलींनीही या गाडीला इजा होते. ही रणगाडा नाही.

खरी एम३ए१ सुद्धा अशीच होती. अमेरिकेतल्या ओहायोच्या व्हाइट मोटर कंपनीने बनवलेली, कर्ज-भाडेपट्ट्याच्या (लेंड-लीज, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य देण्याच्या) कराराखाली सोव्हिएत संघाला गेलेली. वरून पूर्ण उघडी, चिलखत बऱ्याच ठिकाणी ६ मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत जाड जागी सुमारे १३. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर धावायची. वेग हेच तिचं खरं चिलखत, आणि खेळ बनवणाऱ्यांनी ते बऱ्यापैकी जपलंय.

इंटरनेटचा लॅग, म्हणजे उशीर, जास्त असेल तर एक पाऊल आधीच मागे या. पडद्यावर दिसलं तेव्हा सर्व्हरवर ते आधीच घडलेलं असतं.

७. आत कोणाला बसवायचं

गाडीत एक तुकडी बसते आणि ती आतून गोळीबार करू शकते. यावर आधारलेली सर्वांत गाजलेली युक्ती म्हणजे इंजिनिअर तुकडीला फ्लेमथ्रोअर घेऊन आत बसवायचं. खेळाडू तिला क्लाउन कार म्हणतात. घरात बसलेल्या मशीनगनसमोर ही जोडी भयानक आहे : मशीनगनच्या माऱ्याने पायदळ जमिनीला चिकटतं, गाडी चिकटत नाही, ती घराला लगटून जाते आणि आग आत शिरते.

माझं मत विचाराल तर पहिल्या काही सामन्यांत ही युक्ती करू नका. त्यात गाडी लढायला लागते, टेहळणी राहून जाते, आणि गाडी गेली की आतली तुकडीही बहुतेक हातची जाते. आधी रिकामी गाडी जिवंत ठेवायला शिका. केलीच, तर गाडीचं आयुष्य अर्ध्यावर आलं की तुकडी खाली उतरवा आणि तिला टी दाबून घरी पाठवा. दोन्ही एकदम गमावण्यापेक्षा एक बरी.

आणखी एक, कमी आकर्षक पण जास्त उपयोगी वापर : सुरुवातीला पीनल तुकडीला गाडीतून लांबच्या पॉइंटवर सोडायचं. चालत जाण्याचा वेळ वाचतो आणि शत्रूला तुम्ही तिथे इतक्या लवकर पोहोचाल असं वाटत नसतं.

८. बर्फाचे नकाशे

हिवाळी नकाशांत खोल बर्फात पायदळ मंदावतं. बर्फात पावलांचे ठसे आणि चाकांचे माग उमटतात. गाडी फिरवताना ते बघा. ताजे ठसे एका दिशेला गेलेले दिसले, तर तुकडी न बघताच तिचा रस्ता कळला.

गोठलेली नदी किंवा तळं हा जवळचा रस्ता वाटतो. बर्फावर स्फोट झाला की तो फुटतो आणि वरची गाडी बुडते, दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. शत्रूकडे मॉर्टर आहे हे माहीत असेल तर बर्फावर थांबू नका. ओलांडायचंच असेल तर ओलांडा आणि पुढे व्हा.

मोहिमेच्या, म्हणजे एकट्याने खेळायच्या कथेच्या, सामन्यांत हिमवादळंही येतात. उघड्यावरचं पायदळ गारठून मरतं. अशा वेळी तुकडीला गाडीत बसवणं हा सर्वांत सोपा इलाज.

९. सुरुंग आणि दुरुस्ती

गाडी दोनदा एकाच रस्त्याने नेलीत आणि समोरचा जरा मुरलेला असेल, तर तिसऱ्यांदा तिथे सुरुंग असतो. हे जवळपास नियमाने घडतं. मार्ग बदलत राहा. अरुंद पूल, दोन घरांमधली फट, इंधनाच्या पॉइंटकडे जाणारा एकुलता रस्ता, या जागांवर संशय ठेवा. पुढे सामना लांबला की एका इंजिनिअर तुकडीला सुरुंगशोधक घ्या. फ्लेमथ्रोअर आणि सुरुंगशोधक एकाच तुकडीला मिळत नाहीत, म्हणून कोणाला काय द्यायचं ते आधी ठरवा.

दुरुस्ती आपल्या बाजूला, आडोशाला. इंजिन बिघडलेली गाडी पुन्हा पुढे पाठवण्यात काही अर्थ नाही, आधी दुरुस्त करा.

१०. मधल्या टप्प्यानंतर गाडीचं काय

शत्रूकडे २२२ किंवा तोफ आली की पुढे जाऊन बघण्याचे दिवस संपले. पण गाडी टाकून देऊ नका. झिस-३ आणि एसयू-८५ ही रणगाडाविरोधी चिलखती गाडी यांचा मारा त्यांच्या स्वतःच्या नजरेपेक्षा लांब जातो. म्हणजे त्यांना दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लागतात. स्काउट कार त्यांच्या थोडी पुढे, बाजूला, झाडाआड नाही पण आडोशाच्या कडेला उभी ठेवा. रणगाडा तिला दिसतो, तोफेला गोळी मारता येते, आणि रणगाडा अजून तुमच्या तोफेला बघत नसतो. माझ्या मते या गाडीचा हा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत फायद्याचा उपयोग आहे.

एकच हिशेब ठेवा. सैन्याची मर्यादा १०० आहे आणि जितकं जास्त सैन्य तितकं मनुष्यबळ कमी दराने मिळतं. जागा खरंच कमी पडत असेल आणि हातात दुसरे डोळे असतील, तर शेवटच्या टप्प्यात गाडी एखाद्या धोक्याच्या फेरीवर पाठवायला हरकत नाही.

सरावासाठी

सामना संपला की त्याचा रिप्ले, म्हणजे पुन्हा बघता येणारं रेकॉर्डिंग, जतन करा. तो उघडा, धुकं बंद करा आणि गाडी जिथे जिथे गेली तिथे तिथे थांबवून बघा : तेव्हा शत्रूच्या तुकड्या प्रत्यक्षात कुठे होत्या, आणि तुम्हाला त्यांतल्या कुठल्या दिसल्या. जी दिसली नाही ती कशाआड होती, घराच्या की झुडपाच्या, ते नोंदवा आणि पुढच्या सामन्यात त्याच नकाशावर मार्ग थोडा सरकवून बघा.